सहा ॲक्सिसचा मॉड्युलर सर्व्हो संच इथरकॅटवर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

पॅकिंग लाइनवर एसीचं डीसी करणारं एक रेक्टिफायर मॉड्यूल, त्याच्या शेजारी एकाच डीसी बसबारवर (डीसी वीज वाटणाऱ्या सामायिक पट्टीवर) सहा ड्राइव्ह, प्रत्येक एक सर्व्हो मोटर म्हणजे एक ॲक्सिस चालवणारा, आणि सगळे इथरकॅट या यंत्रांसाठीच्या वेगवान नेटवर्कवर एकामागोमाग जोडलेले. पीएलसी (यंत्राचा मुख्य कंट्रोलर) दर १ मिलिसेकंदाला प्रत्येक ड्राइव्हला फक्त पुढची पोझिशन पाठवतो. करंट, स्पीड आणि पोझिशन हे तिन्ही लूप (मोजून लगेच दुरुस्त करत राहणारं नियंत्रण) ड्राइव्ह स्वतः सांभाळतो. रचना उत्तम आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घ्यावी. पण एक गोष्ट आधीच सांगायला हवी: कंट्रोल सहा ठिकाणी वाटला तरी घड्याळ, डीसी बस आणि २४ व्होल्ट सामायिकच राहतात, आणि ड्राइव्हच्या नावावर खपणारे बहुतेक ट्रिप (बिघाड दाखवून ड्राइव्ह बंद पडणं) या तिघांतूनच येतात.

आधी २४ व्होल्ट, कारण तिथेच सगळ्यात जास्त हयगय होते. एका ड्राइव्हचा कंट्रोल सप्लाय ०.६ अँपिअर आणि मोटरचा ब्रेक (तो २४ व्होल्ट मिळाल्यावरच सुटतो) ०.८ अँपिअर धरला, तर सहा मिळून ८.४ अँपिअर होतात. एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) मुख्य पॅनेलमध्ये, ड्राइव्ह १२ मीटरवर आणि वायर १.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन २४ मीटरचा रेझिस्टन्स साधारण ०.२९ ओहम. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेतच गेले आणि उरले २१.६. ब्रेकला सहसा २४ च्या १० टक्के खालपर्यंतच चालतं, म्हणजे आपण बरोबर कड्यावर उभे. पुढे मोटर केबलमधली घट वेगळीच. मग ब्रेक अर्धवट सुटतो, मोटर घासत फिरते, करंट वाढलेला दिसतो आणि काही वेळाने ओव्हरलोड ट्रिप येतो. मोटर बदलून काही होत नाही. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली की घट १ व्होल्टच्या आत येते. व्होल्टेज मोजायचं तेही एसएमपीएसवर नाही. सगळे ब्रेक एकदम सुटताना, शेवटच्या ड्राइव्हच्या टर्मिनलवर.

डीसी बसचा फायदा खरा आहे. एक ॲक्सिस थांबताना परत देतो ती ऊर्जा दुसरा वापरतो, त्यामुळे रोजच्या चालीत ब्रेकिंग रेझिस्टर (जादा ऊर्जा उष्णतेत घालवणारा) जेमतेम कोमट होतो. तो पाहून रेझिस्टर लहान निवडणं मात्र महागात पडतं. ४१५ व्होल्ट सप्लायवर बस सुमारे ५८७ व्होल्टला असते. ०.०२ किलोग्रॅम-चौरस मीटर जडत्वाचा एकच ॲक्सिस ३००० आरपीएमवरून थांबवला तर जवळपास ९८५ ज्यूल निघतात. बसवर १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतील तर ७८० व्होल्टपर्यंत चढताना ते फक्त १३० ज्यूलच्या आसपास पोटात घेतात. इमर्जन्सी स्टॉपला सहाही ॲक्सिस एकदम ब्रेक मारतात, तेव्हा ऊर्जा घेणारा कोणीच उरत नाही. रेझिस्टरचा हिशोब त्या क्षणाचा करायचा. बसबारचे स्क्रू मॅन्युअलमधल्या टॉर्कवरच आवळायचे. तेही लेबलवरची डिस्चार्जची वेळ थांबून, मीटरने बस मोजल्यावरच.

घड्याळाची गडबड कानाने कळते. मोटर सावकाश फिरताना बारीक टकटक येते आणि लोक लगेच गेन (लूप किती जोरात दुरुस्ती करतो ती सेटिंग) कमी करायला धावतात. आवाज दबतो, कारण तसंच राहतं. पीएलसीची फ्रेम (नवी पोझिशन आणणारा संदेश) ड्राइव्हच्या सिंक पल्सनंतर (नवी पोझिशन उचलायच्या ठरलेल्या क्षणानंतर) पोहोचली तर ड्राइव्ह जुनीच पोझिशन वापरतो. टार्गेट पोझिशनचा ट्रेस काढा: ३००० आरपीएमला १ मिलिसेकंदात मोटर १८ अंश फिरते, म्हणून एखाद्या सायकलला वाढ शून्य आणि पुढच्याला ३६ अंश दिसली की दोष वेळेचाच. सिंकचा शिफ्ट सायकलच्या २० ते ३० टक्के पुढे, म्हणजे उशिरा, सरकवा. गेनला हात लावायची गरज नाही.

वॉचडॉग (फ्रेम येणं थांबल्यावर ड्राइव्ह किती वेळ वाट पाहतो ती मर्यादा) मात्र पहिल्याच दिवशी तपासा. इथरकॅटमध्ये तो डीफॉल्टने १०० मिलिसेकंद असतो, आणि तेवढ्यात ३००० आरपीएमची मोटर पाच फेरे मारते. एकमेकांत गुंतलेले जॉ (यंत्राचे जबडे) असतील तर एवढ्यात टक्कर होऊन जाते. १० ते २० मिलिसेकंद पुरतात. नेटवर्क तुटलं की प्रत्येक ड्राइव्ह आपल्याच क्विक स्टॉप रॅम्पवर थांबतो, त्यामुळे ६०८५ (हेक्स) या ऑब्जेक्टमधला, म्हणजे ड्राइव्हच्या सेटिंगमधला, वेग घटवण्याचा दर प्रत्येक ॲक्सिसच्या वेगाच्या प्रमाणात ठेवायचा, म्हणजे सगळे एकाच क्षणी थांबतात आणि मेळ टिकतो. सगळ्यांना सारखाच आकडा टाकला तर हळू ॲक्सिस आधी थांबतो.

केबलचा संशय आला तर अंदाज नको. ड्राइव्हमधल्या ३०० (हेक्स) या पत्त्यापासूनचे एरर काउंटर पोर्टनिहाय वाचा. ज्या ड्राइव्हच्या इनकमिंग पोर्टवर आकडा आधी वाढतो, त्याच्या मागची केबल किंवा कनेक्टर आधी बदला.

दोन-चार पंप किंवा फॅन स्वतंत्र चालवायचे असतील तर या खर्चात पडू नका, मॉडबस या साध्या नेटवर्कवरचे व्हीएफडी (फक्त मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) पुरेसे आहेत. चार किंवा जास्त ॲक्सिस एकमेकांच्या तालावर चालणार असतील तर मात्र हाच मार्ग. स्पेअर ड्राइव्ह घेताना रिव्हिजन नंबर जुळवून घ्या. मास्टर (इथे पीएलसी) व्हेंडर आणि प्रॉडक्ट कोडसोबत तोही तपासत असेल, तर नवा ड्राइव्ह चालू स्थितीत जातच नाही. पुढची रिव्हिजनही चालेल अशी सेटिंग आधीच करून ठेवा. एन्कोडरचा (मोटरची पोझिशन मोजणाऱ्या सेन्सरचा) ऑफसेट ड्राइव्हमध्ये साठवलेला असेल तर ड्राइव्ह बदलल्यावर होमिंग (शून्य जागा पुन्हा ठरवणं) केल्याशिवाय लाइन सुरू करू नका.