रायझन ५ ५६००जी: ग्राफिक्स कार्डाविना घरचा संगणक

घरातला टॅलीचा हिशेब, मुलीचा पायथनचा अभ्यास आणि रात्री एखादा चित्रपट एवढ्याच कामासाठी संगणक हवा असेल, तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवू नयेत, या मताने मी एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला आणि आठ महिने रोज वापरल्यावर हे लिहीत आहे. २०२१ साली बाजारात आलेल्या या प्रोसेसरमध्ये सहा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारे कामांचे धागे) आणि आतच व्हेगा ग्राफिक्स आहे. तो ६५ वॉटचा असल्यामुळे खोक्यातच मिळणारा पंखा त्याला पुरतो आणि ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, भरपूर होतो. नावातला ‘जी’ मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा. ५६०० आणि ५५०० या त्याच्या भावंडांत ग्राफिक्स नाही. ते उचलले, तर मदरबोर्डाला एचडीएमआयचा पोर्ट असूनही मॉनिटर काळाच राहतो.

माझी फसगत झाली ती या बोर्डापाशी, म्हणजे प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये (खाचेत) बसतो त्या मदरबोर्डापाशी. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने ‘एएम४ सॉकेट आहे, म्हणजे चालणारच’ असे ठामपणे सांगून बी४५० चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) बोर्ड दिला. डोंबिवलीला आणून सगळी जोडणी केली, पंखा फिरला, दिवे लागले, पण डिस्प्ले काही येईना. सॉकेट जुळणे आणि बोर्डाने प्रोसेसर ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: बी४५० हा २०१८ सालचा चिपसेट, आणि त्या बोर्डावर कारखान्यातून भरलेल्या बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) तीन वर्षांनी आलेला हा प्रोसेसर ठाऊकच नव्हता. शेवटी बोर्ड परत दुकानात नेला, तेव्हा तिथल्या मुलाने जुना रायझन बसवून पेनड्राइव्हवरून दहा मिनिटांत बायोस अद्ययावत करून दिला. रविवार गेला तो गेलाच. म्हणून बोर्ड ए५२० असो की बी५५०, कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत प्रोसेसरसमोर कोणती बायोस आवृत्ती लिहिली आहे ते पाहावे आणि ती आधीच भरून द्यावी, असे पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला सांगावे.

या प्रोसेसरचा खरा कस लागतो तो रॅमवर. ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसल्याने ते रॅममधूनच वाटा घेते, आणि ३२०० वेगाच्या डीडीआर४ची एकच स्टिक लावली तर त्याला सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबीचा मार्ग मिळतो. तशाच दोन स्टिक लावल्या की तो दुप्पट होतो. मी सुरुवातीला ‘पुढे वाढवता येईल’ अशा शहाणपणाने १६ जीबीची एकच स्टिक घेतली होती. टॅलीला काही फरक पडला नाही, पण मुलीचे माइनक्राफ्ट वळणावळणावर अडखळे. ती बदलून ८ जीबीच्या दोन लावल्यावर तिची तक्रार थांबली. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून बहुधा दुसरा आणि चौथा वापरायचा असतो. बोर्डासोबतच्या पुस्तिकेत ते चित्रासह दिलेले असते. पाकिटावर ३२०० छापलेले असूनही माझी रॅम २६६६ वरच चालत होती, ती बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅमला छापील वेगाने चालवणारी सोय सुरू केल्यावर पूर्ण वेगाला आली.

एसएसडीविषयी एवढेच, की हा प्रोसेसर पीसीआयई या, एसएसडीला जोडणाऱ्या मार्गाच्या ३.० आवृत्तीपर्यंतच जातो; ४.० ची महाग एसएसडी यावर चालते, पण तिचा जादा वेग वाया जातो.

प्रोसेसर बसवताना मात्र हात आवरता घ्यावा. याच्या पिना त्याच्याच पोटाला असतात; कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून, खटका वर ठेवून तो अलगद सोडला की आपल्या वजनानेच खाली बसतो. दाबावा लागत असेल, तर काहीतरी चुकले आहे.

नवे जड गेम खेळणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. पुढे प्रोसेसर बदलत राहायची हौस असेल, तर एएम४नंतरच्या एएम५ सॉकेटचा बोर्ड घ्यावा, मात्र तिथे डीडीआर५ रॅम सक्तीची असल्याने सुरुवातीचा खर्च वाढतो. आमच्या घरी तो प्रश्न नाही. आधीचा संगणक तेरा वर्षे चालला आणि तेवढ्या काळात मी त्यात एकदाच रॅम वाढवली होती.