कीर्तन-भजनासाठी मिक्सर घेताना: ॲनालॉग की डिजिटल?

भजनी मंडळाने किंवा सप्ताह भरवणाऱ्या देवस्थानाने स्वतःचा मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकांचे आवाज एकत्र करून स्पीकरला पाठवणारे यंत्र, घ्यायचे ठरवले की ॲनालॉग घ्यावा की डिजिटल, हा प्रश्न लगेच पुढे येतो. दुकानात त्याचे उत्तर चॅनेलची (प्रत्येक माईकसाठीच्या स्वतंत्र मार्गाची) संख्या आणि किंमत यांवरून दिले जाते. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र एका चॅनेलवर काय काय करता येते आणि ऐन वेळी हात तिथे किती लवकर पोहोचतो, यावर आवाजाचे बरेवाईट ठरते. म्हणून येथे वारकरी कीर्तन डोळ्यांसमोर ठेवून दोन्हींची तुलना करतो. कीर्तनकारांचा एक माईक, मागच्या गायकांचे दोन, पखवाजाच्या दोन तोंडांना दोन आणि पेटीला एक, अशा सहा माईकांवर एरवीचे कीर्तन उत्तम उभे राहते.

चॅनेलच्या माथ्यावर असलेल्या गेनचे काम दोन्हींकडे एकच असते: माईककडून येणारा क्षीण सिग्नल कामाच्या पातळीवर आणणे. पीएफएल किंवा सोलोचे, म्हणजे एकच चॅनेल वेगळा ऐकण्या-पाहण्याचे, बटण दाबून, गायकाला त्याच्या सर्वांत चढ्या स्वरात गायला लावून, मीटरकडे पाहत गेन लावावा आणि मग कार्यक्रमभर त्याला हात लावू नये, कारण गेन वाढवला की त्या चॅनेलचा मॉनिटरमधला, म्हणजे स्टेजवर कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधला, आवाजही वाढतो आणि माईक शिट्टी मारू लागतो. फरक आहे तो चूक झाल्यावर. ॲनालॉग मिक्सरमध्ये पातळी किंचित वर गेली तर आवाज थोडा करकरीत होऊन निभावून जातो. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही अखेरची मर्यादा असते आणि तिच्यावर गेलेला भाग सरळ कापला जातो. त्यामुळे डिजिटलवर सरासरी पातळी उणे 18 डेसिबलच्या आसपास ठेवून वर पुरेशी जागा सोडावी लागते. पखवाजाच्या बाबतीत एक गोष्ट दोन्हींकडे सारखीच महत्त्वाची आहे: धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडाला, कणीक लावून पखवाज सुरात लागल्याशिवाय तिचा गेन ठरवू नये, कारण ओली कणीक बसल्यावर त्या तोंडाचा आवाज पूर्णपणे बदलतो.

खालचे स्वर कापणाऱ्या फिल्टरमध्ये डिजिटलची बाजू स्पष्टपणे उजवी आहे. लहान ॲनालॉग मिक्सरवर त्यासाठी एक बटण असते आणि ते 80 किंवा 100 हर्ट्झच्या खालचा भाग कापते. बटण दाबलेले किंवा न दाबलेले, एवढाच पर्याय. डिजिटलवर ही मर्यादा हवी तिथे नेता येते, त्यामुळे लाकडी स्टेजवर नाचणाऱ्या टाळकऱ्यांच्या पावलांचा धमधमाट कीर्तनकारांच्या माईकमधून घालवण्यासाठी ती 130-140 हर्ट्झपर्यंत चढवता येते आणि धुमेच्या चॅनेलवर फिल्टर बंदच ठेवता येतो.

इक्वलायझरचेही, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे स्वर कमीजास्त करणाऱ्या नॉबांचेही, तसेच आहे. ॲनालॉगचे तीन नॉब शिकायला सोपे असतात, परंतु त्यांचा आवाका रुंद असतो. शिट्टी मारणारा एक स्वर दाबायला मधला नॉब खाली केला की त्यासोबत कीर्तनकारांचे शब्दही दबतात. डिजिटलच्या चार पट्ट्यांपैकी एक अरुंद करून नेमका तेवढाच स्वर काढता येतो.

निवडीचा खरा निकाल मात्र ऑक्सवर, म्हणजे मॉनिटरला आवाज पाठवणाऱ्या नॉबवर लागतो. बारा चॅनेलच्या छोट्या ॲनालॉग मिक्सरवर बहुधा दोनच ऑक्स असतात आणि त्यांतला एक एफेक्टसाठी, म्हणजे आवाजाला घुमारा देण्यासाठी, खर्ची पडतो. कीर्तनकारांना पखवाज आणि पेटी ऐकायची असते, गायकांना कीर्तनकारांचे शब्द हवे असतात, पखवाजवादकाला पेटी हवी असते; एकाच ऑक्सवर हे तिघे समाधानी होत नाहीत आणि प्रत्येक जण खुणेने ‘वाढवा’ म्हणत राहतो. मॉनिटरचा ऑक्स फेडरच्या (चॅनेलचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या दांडीच्या) आधीचा, म्हणजे ‘प्री’ असलाच पाहिजे, नाहीतर श्रोत्यांसाठी फेडर हलवला की स्टेजवरचा आवाजही हलतो. विकत घेताना ते बटण आहे की नाही हे पाहावे. डिजिटल मिक्सरवर आठ किंवा सोळा मिक्स, म्हणजे असेच ऑक्स, सहज मिळतात आणि प्रत्येकाला प्री की पोस्ट (फेडरनंतरचा) हे वेगळे ठरवता येते. ज्या मंडळाला तीन किंवा अधिक मॉनिटर लागतात, त्याने चार ऑक्सचा मोठा ॲनालॉग मिक्सर घ्यावा किंवा सरळ डिजिटलकडे वळावे.

आता डिजिटलची दुसरी बाजू. ॲनालॉग मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला स्वतःचे सगळे नॉब असतात. नजर टाकली की संपूर्ण स्थिती दिसते. डिजिटलवर बहुतेक नॉबांचा एकच संच असतो आणि तो त्या क्षणी निवडलेल्या चॅनेलचे काम करतो. शिवाय फेडर कधी मुख्य आवाज दाखवतात, तर कधी मॉनिटरला जाणारा. एका सप्ताहात हे मी स्वतः भोगले आहे. गायकांचा मॉनिटर लावून झाल्यावर मुख्य मिक्सवर परत यायचे राहिले आणि कीर्तनकारांचा आवाज कमी वाटला म्हणून मी फेडर वर ढकलला. मंडपात काहीच बदल झाला नाही, म्हणून आणखी ढकलला, आणि गायकांच्या मॉनिटरमधून अशी शिट्टी उठली की चालू असलेला अभंग थांबला. कोणत्या मिक्सवर आहोत हे सांगणारा दिवा समोर पेटलेला होता, पण माझी नजर स्टेजवर होती. रोज हात असलेल्या माणसाची ही गत होते, तर वर्षातून दोनदा मिक्सरवर बसणाऱ्या कार्यकर्त्याकडून चूक होणे अगदी स्वाभाविक आहे.

प्रत्येक चॅनेलवर गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की माईक बंद करणारा) आणि कॉम्प्रेसर (चढा आवाज आपोआप दाबणारा) मिळतात, हे डिजिटलचे मोठे आकर्षण म्हणून सांगितले जाते. कीर्तनात गेटचा उपयोग जवळजवळ नाही, कारण वीस-पंचवीस टाळांचा आवाज प्रत्येक माईकमध्ये शिरतो आणि गेट त्यानेच उघडतो. कीर्तनकार निरूपणात हळू बोलतात आणि चालीवर येताच आवाज चढवतात, त्यामुळे त्यांच्या चॅनेलवर सौम्य कॉम्प्रेसर फार कामाचा ठरतो. पण त्यानंतर घटलेली पातळी भरून काढायला आवाज वाढवला, तर दोन वाक्यांच्या मधले टाळ पुढे येतात आणि शिट्टीही जवळ येते.

वीज गेली आणि परत आली तर ॲनालॉग मिक्सर लगेच बोलू लागतो. डिजिटलला सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून त्याच्यासोबत यूपीएस घ्यावाच. उलट सप्ताहात रोज कीर्तन, हरिपाठ आणि प्रवचन असा क्रम असेल, तर प्रत्येकाची मांडणी साठवून एका बटणावर परत आणण्याची डिजिटलची सोय अमूल्य आहे. फेडर नसलेले आणि केवळ टॅब्लेटवर चालणारे मिक्सर स्वस्तात जास्त चॅनेल देतात; पण गर्दीत वाय-फाय तुटले की हाताशी एकही फेडर उरत नाही, म्हणून मंडळाचा एकमेव मिक्सर म्हणून मी ते सुचवणार नाही.

माईक सहा ते आठ, मॉनिटर दोन आणि मिक्सरवर बसणारी माणसे बदलती असतील, तर चार ऑक्सचा, इक्वलायझरच्या मधल्या नॉबचा स्वर निवडता येणारा ॲनालॉग मिक्सर घ्यावा. माणूस ठरलेला असेल, तो महिनाभर सरावाला बसायला तयार असेल आणि मॉनिटर तीनपेक्षा जास्त असतील, तर खरे फेडर असलेला डिजिटल घ्यावा. पैसे देण्यापूर्वी त्याच माणसाला दुकानात नेऊन एक माईक आणि एक मॉनिटर जोडायला सांगावे, माईक मुद्दाम शिट्टी मारेपर्यंत वाढवावा आणि ती शिट्टी थांबवायला त्याला किती वेळ लागतो हे दोन्ही मिक्सरवर पाहावे.