व्हॅक्यूम युनिट घेताना झालेली फसवणूक: पंप, पाणी आणि खोटे दिवे

एका तालुक्याच्या गावातल्या नव्या फिजिओथेरपी क्लिनिकला आयएफटी मशीन (इंटरफेरेन्शियल थेरपी, म्हणजे दुखणाऱ्या भागाला करंट देणारं यंत्र) आणि त्याला जोडायचं, करंटचे कप हवेच्या ओढीने अंगाला चिकटवणारं व्हॅक्यूम युनिट असा सेट विकला गेला. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले माल पोचल्यावर. डेमो झकास झाला. डॉक्टरांच्याच हातावर दोन कप लावले, स्पंज ओले होते, दोन मिनिटांत आटोपलं. तीन-चार आठवड्यांनी पेशंटच्या कमरेवर चारपैकी दोन कप टिकेनात. विक्रेत्याचं उत्तर आलं, "मॅडम, पंप ॲक्सेसरीत येतो. वॉरंटी फक्त मेन युनिटला." पुढे कोणी याच फेऱ्यात सापडू नये, म्हणून ते युनिट उघडल्यावर काय निघालं ते सविस्तर लिहितो आहोत.

आधी हे युनिट काय करतं ते बघा. करंट ते स्वतः तयार करत नाही. आयएफटीच्या दोन चॅनलच्या वायरी त्याच्या मागे लागतात आणि पुढून चार नळ्या निघतात. नळीच्या पोटातून वायर जाते, त्यामुळे एकाच नळीतून हवा ओढलीही जाते आणि करंट कपातल्या धातूच्या चकतीपर्यंत पोचतोही. चकतीवर ओला स्पंज बसतो. कप हवेच्या ओढीने चिकटतो, तेव्हा स्पंजमधलं थोडं पाणीही हवेबरोबर नळीत येतं. हे पाणी पंपात जाऊ नये म्हणून वाटेत ट्रॅप, म्हणजे पाणी साठवणारी बाटली, असायलाच हवी.

या युनिटमध्ये ती नव्हती. पुढच्या पॅनेलवर बाटलीच्या आकाराचं एक काळसर प्लास्टिकचं झाकण होतं आणि त्यामागे नळ्या एकत्र जोडणारा नुसता टी-जॉइंट. चारही नळ्यांचं पाणी सरळ पंपात. पंप १२ व्होल्टचा छोटा डायाफ्राम पंप (लवचिक पडदा हलवून हवा ओढणारा), लेबल घासून काढलेलं. डायाफ्रामवर आणि झडपांच्या रबरी पाकळ्यांवर बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर बसलेला, एक पाकळी अर्धवट उघडीच अडकलेली. पाकळी नीट मिटली नाही की पंप फक्त घरघरतो, ओढ धरत नाही.

दुसरी लबाडी समोरच होती. पॅनेलवर प्रेशर दाखवणारी दहा दिव्यांची पट्टी होती. तिच्या वायरी प्रेशर सेन्सरला जोडलेल्याच नव्हत्या, त्या नॉबच्या पोटेन्शिओमीटरला, म्हणजे नॉब किती फिरवला तेवढंच सांगणाऱ्या भागाला, जोडल्या होत्या. नॉब फिरवला की दिवे चढायचे, पंप मेला असला तरी. हे पकडायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. चारही कप काढा, नळ्या मोकळ्या हवेत सोडा आणि नॉब वर न्या. नळ्या उघड्या असताना व्हॅक्यूम तयार होऊच शकत नाही. तरीही 'गेज' वर चढत असेल, तर ते मोजत काहीच नाही.

पल्स मोड, म्हणजे ओढ आलटून पालटून कमी-जास्त करण्याची सोय, तीही तशीच खोटी. खऱ्या युनिटमध्ये पल्सच्या वेळी व्हॉल्व्ह उघडून ओढ ठरावीक पातळीपर्यंत खाली येते, कप सुटणार नाही इतपत शिल्लक राहते, मग पुन्हा वाढते. इथे टायमर फक्त पंप चालू-बंद करत होता. ओढ कमी व्हायची ती गळतीमुळे, आणि गळती वाढली की कप खाली.

यात पैसा जातो तो वेगळा, पण आम्हाला पेशंटची काळजी जास्त वाटते. ६ सेंटीमीटर व्यासाच्या स्पंजचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटीमीटर. ३० मिलीॲम्पिअर करंट दिला तर दर चौरस सेंटीमीटरला एक मिलीॲम्पिअरच्या जरा वर जातो. ओढ कमी पडून कप एका बाजूने उचलला, निम्माच स्पंज टेकला, की तोच आकडा दोनच्या पुढे. नसा-स्नायूंना करंटने उत्तेजन देणाऱ्या यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०६०१-२-१० मध्ये, दर चौरस सेंटीमीटरला २ मिलीॲम्पिअरच्या वर विशेष लक्ष ठेवण्याची सूचना द्यावी लागते. आणि मशीन कॉन्स्टंट करंट (करंट कायम ठेवणाऱ्या) मोडवर असेल तर संपर्क घटला तरी ते करंट कमी करत नाही, व्होल्टेज वाढवून तेवढाच करंट ढकलतं. पेशंट म्हणतो "चावतंय", थेरपिस्ट कप घट्ट बसावा म्हणून ओढ वाढवतो, आणि कातडीवर जांभळं कडं उठतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या किंवा स्टिरॉइडने त्वचा नाजूक झालेल्या माणसावर तर सक्शन वापरूच नये, तिथे साधे पॅड आणि पट्टे.

डेमो तुमच्या अटींवर घ्या. हातावर नको, पाठीवर, चारही कप, १५ ते २० मिनिटं, करंट चालू ठेवून. स्पंज मुद्दाम थोडे जास्त ओले ठेवा आणि ट्रॅपमध्ये पाणी जमतंय का बघा. बाटली कशी काढायची, रिकामी कशी करायची, हे विक्रेत्याला करून दाखवायला सांगा. ज्याच्या युनिटला बाटलीच नाही तो इथेच अडखळतो.

कागदांबद्दल थोडक्यात. वैद्यकीय उपकरणांचे धोक्यानुसार अ ते ड असे वर्ग आहेत. १ ऑक्टोबर २०२२ पासून ब वर्गाच्या उपकरणांना, १ ऑक्टोबर २०२३ पासून क आणि ड वर्गालाही परवाना सक्तीचा आहे. लेबलवर उत्पादकाचं नाव, पत्ता, सिरीयल नंबर आणि परवाना क्रमांक हवा, आयात माल असेल तर आयात परवान्याचा क्रमांक. विक्रेत्याकडे एमडी-४२ नोंदणी (वैद्यकीय उपकरणं विकण्यासाठीची) किंवा औषधविक्रीचा वैध परवाना मागा. आयएसओ १३४८५ चं सर्टिफिकेट दाखवून अनेकजण गप्प करतात. ते कारखान्याच्या कार्यपद्धतीचं असतं, या मशीनचं नव्हे. सीई या युरोपीय चिन्हाशेजारी प्रमाणन संस्थेचा चार आकडी क्रमांक नसेल तर या प्रकारच्या मशीनवर ते चिन्ह निरर्थक. प्रोफॉर्मावर, म्हणजे मालाआधी मिळणाऱ्या कच्च्या बिलावर, पूर्ण पैसे देऊ नका. टॅक्स इनव्हॉइसवर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटीत 'पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅप' हे शब्द स्पष्ट हवेत. स्पंज, कप, नळ्या झिजतात, त्यांना वॉरंटी नसणं ठीकच.

माल आधीच गळ्यात पडला असेल तर "क्लिनिक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही" असं ऐकवलं जाईल. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून क्लिनिक चालवणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ग्राहकच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. लेबलवर परवाना क्रमांक नसेल किंवा खोटा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी तक्रार करा. विक्रेत्याशी पुढचं सगळं ईमेलवर बोला, आणि पंप बदलून घेण्याआधी लेबल, दिव्यांच्या वायरी, टी-जॉइंट यांचे फोटो काढून जुना पंप जपून ठेवा. दुरुस्त झालेल्या मशीनमध्ये दोष दाखवता येत नाही.