डिक्शनरी घ्यायचीय? आधी तिच्यात ‘रन’ काढून बघा

डिक्शनरीचा रिव्ह्यू कोण वाचतं म्हणा, पण मी घरी शिकवण्या घेते आणि दर जूनमध्ये कोणीतरी आई विचारतेच की ताई मराठी मिडियमचा आहे, आठवीत गेलाय, इंग्रजीची कुठली डिक्शनरी घेऊन देऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स वापरते, जाडजूड पुस्तकही आहे आणि वेबसाइट तर फुकटच आहे.

डिक्शनरी कशी आहे ते बघायला अवघड शब्द काढू नका. अवघड शब्द कुठल्याही डिक्शनरीत नीटच सापडतात कारण त्यांना अर्थच एक असतो, फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण, विषय संपला. काढायचा तो रन, गेट, टेक, सेट असला चिल्लर शब्द जो पोरांना पहिलीपासून ‘येतो’. रन म्हणजे धावणे आणि सचिनने काढायचा तो रन, एवढ्यावर दहावीपर्यंत गाडी येते आणि मग कुठल्यातरी उताऱ्यात माणूस हॉटेल रन करतो, नाक रन होतं, बस दर दहा मिनिटांनी रन होते आणि दूध रन आउट होतं, आता दुधाला कोणी स्टंपात फेकून आउट केलं!

शाळेबाहेर खिशात मावेल अशी जी इंग्रजी-मराठी मिळते (नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच) तिच्यात रनपुढे काय लिहिलेलं असतं, तर धावणे, पळणे, वाहणे, चालवणे, वितळणे, एका ओळीत स्वल्पविराम टाकून. चूक एकही नाही हो. पण यातला कुठला कधी उचलायचा हे कोण सांगणार? एकही वाक्य नाही. आणि यात इंग्रजीला नावं ठेवण्यासारखं काही नाहीये, आपलं ‘लागणे’ बघा ना, भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, एसटी फलाटाला लागते आणि तीच एसटी घाटात माणसाला लागते. परदेशी माणसाला हे नुसत्या यादीने समजावून दाखवा बरं.

ऑक्सफर्डमध्ये रन काढला की क्रियापद वेगळं आणि नाम वेगळं. क्रियापदालाच अर्थांची लांबच लांब रांग आहे पण प्रत्येकाच्या डोक्यावर छोटीशी पाटी, इथे मॅनेज करण्याचा अर्थ, इथे बस-ट्रेनचा, इथे पातळ पदार्थाचा, इथे रंगाचा, इथे निवडणुकीचा, त्यामुळे पोराने सगळं वाचत बसायचं नाही, वाक्यात नाक आहे ना मग पातळ पदार्थाच्या पाटीखाली जायचं. कपडे धुताना रंग जातो तोही रनच आणि त्याला स्वतःची पाटी आहे. मला सगळ्यात आवडतो तो ‘होणे’वाला रन, नदी रन ड्राय होते, साठा रन लो होतो, आणि तिथे व्याख्येतच सांगून टाकलंय की हा बदल बहुतेक वेळा वाईटाकडचा असतो. हे मला कुठल्या सरांनी शिकवलं नव्हतं. निवडणुकीला उभं राहणं हा रन मुख्यतः अमेरिकेतला, ब्रिटनमध्ये स्टँड म्हणतात, म्हणजे त्यांचा उमेदवारही आपल्यासारखाच ‘उभा’ असतो, हेही तिथे कळतं.

खरी कमाई पुढे फ्रेजल व्हर्ब्जमध्ये आहे, म्हणजे क्रियापदाला डाउन, आउट, इनटू असा छोटा शब्द जोडला की अर्थच बदलतो ती. रन डाउन घ्या. बॅटरी उतरते ते रन डाउन, गाडीने माणसाला उडवलं ते रन डाउन, पाठीमागे कोणाला नावं ठेवली तेही रन डाउन, आणि खूप शोधाशोध करून एखादी गोष्ट सापडली तर तेही. प्रत्येकाला नंबर आणि उदाहरण. शिवाय काही ठिकाणी मध्ये दोन टोकांचा बाण असतो, त्याचा अर्थ असा की कर्म मध्येही घालता येतं आणि शेवटीही. रन इनटू म्हणजे अचानक भेटणे, तिथे बाण नाही, म्हणजे ‘आय रॅन हिम इनटू’ चालणार नाही. हा बाण मुलांना एकदा बसून दाखवा, नाहीतर कोणी त्याच्याकडे बघतच नाही. आणि क्रिकेटचा रनआउट पण आहे, फलंदाजाची धाव पूर्ण व्हायच्या आत चेंडू विकेटला, दूध संपण्याच्या शेजारीच.

ईडियमचं मात्र लक्षात ठेवा, रनचे बरेचसे वाक्प्रचार रनखाली नसतातच, तिथे एक ओळ असते की रन रायट (बेफाम होणे) हवं असेल तर रायटखाली बघा. कारण ठीक आहे, नाहीतर रनच पंधरा पानं झाला असता, पण नवख्याला हे कळेपर्यंत चिडचिड होते.

आणि हे जे मी लांबलचक म्हणतेय ते मोठ्या ऑक्सफर्डपुढे काहीच नाही, म्हणजे ती इतिहासासकट सगळं देणारी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिथे आधी सेट सगळ्यात लांब होता, आता रनने त्याला मागे टाकलंय, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ आणि त्यावर पीटर गिलिव्हर या संपादकाला नऊ महिने लागले. २०११ मध्ये ही बातमी आली होती. तिथे शाळेच्या पोराला पाठवू नका, परत यायचा नाही.

लर्नर्सची गोष्टच वेगळी, ही इंग्रजांसाठी केलेलीच नाही. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तिथल्या मुलांना काय अडतं ते बघून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ती बनवली, १९४२ मध्ये टोकियोत निघाली आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने काढली. म्हणून व्याख्या सोप्या आहेत, नेहमीच्या ठरावीक शब्दांच्या यादीवर त्या बेतलेल्या असतात, एक शब्द बघायला गेलो आणि व्याख्येतले चार शब्द अडले असं फार कमी होतं. २०२० च्या दहाव्या आवृत्तीत चाळ, डबा, हरताळ, शादी, आधार हेही घेतलेत, त्याचं मला फार कौतुक नाही, चाळ काय असते ते आपल्याला ऑक्सफर्डने सांगायची गरज नाही, पण पोरं खूश होतात.

आता पुस्तक की वेबसाइट. उच्चारासाठी वेबसाइट, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकू येतात, आणि रन-रॅन-रन चा तक्ता आहे, आपली निम्मी जनता ‘हॅव रॅन’ म्हणते त्यांनी बघावाच. जाहिराती असतात, फुकट आहे म्हटल्यावर असणारच. पण फ्रेजल व्हर्ब्ज तिथे एकेका लिंकवर वेगळे उघडावे लागतात, पुस्तकात सगळे एका नजरेत दिसतात, रन अवे ते रन अप ओळीने, आणि एक शोधताना दुसरे दोन वाचले जातात. माझं मत पुस्तकाकडे. दप्तरात न्यायच्या वजनाचं अजिबात नाही, टेबलावरच ठेवायचं.

कोणाला नको? ज्याचं इंग्रजी वाक्यच अजून अडखळतंय त्याला नको. हिच्यात मराठीत अर्थ दिलेला नाही, पाचवी-सहावीचं पोर हिच्यासमोर रडेल, त्याला ती खिशातलीच द्या आणि वाक्य तुम्ही सांगा. आठवीपासून पुढे, स्पर्धा परीक्षावाले आणि इंग्रजीतून भाषांतराची कामं करणारे यांनी डोळे झाकून घ्या.

नवीन महाग वाटली तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात नाहीतर मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी मिळते का बघा. आवृत्ती सातवी-आठवी असली तरी बिनधास्त घ्या, नवे कॉम्प्युटरचे शब्द नसतील पण रन, गेट, टेक तिच्यातही पुरेसे आहेत. फक्त घेताना आर अक्षराची पानं जागेवर आहेत ना तेवढं उघडून बघा, जुन्या पुस्तकांची मधली पानं निसटलेली असतात.