जस्ट इंटोनेशनमधले क्वार्टेट: जॉन्स्टन यांची चिन्हे की हेल्महोल्ट्झ-एलिस?

जस्ट इंटोनेशनमध्ये, म्हणजे पूर्णांकांच्या साध्या प्रमाणांत मिळवलेल्या शुद्ध स्वरांत, स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठीची रचना) लिहू पाहणाऱ्याला स्वर कागदावर कसे उतरवायचे, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकन संगीतकार बेन जॉन्स्टन यांची लेखनपद्धती आणि संगीतकार मार्क सबॅट व वोल्फगांग फॉन श्वाइनिट्झ यांनी विकसित केलेली विस्तारित हेल्महोल्ट्झ-एलिस पद्धती, अशा दोन्हींत मी लिहिले आहे आणि ते लिहिलेले चौघांत बसून व्हायोलावर वाजवलेही आहे.

जॉन्स्टन यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. त्यांच्या दहाही क्वार्टेट्सचे ध्वनिमुद्रण केप्लर क्वार्टेटने 2016 पर्यंत पूर्ण केले, तेव्हा ही पद्धती वादकांच्या आवाक्याबाहेरची आहे असे म्हणता येणार नाही. तिच्यात सी-ई-जी ही 4:5:6 प्रमाणातली कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) एकही जादा चिन्ह न लावता लिहिता येते आणि पान स्वच्छ राहते.

माझे अडले ते डी आणि ए या दोन स्वरांपाशी. सी हा षड्ज मानला, तर जॉन्स्टन यांच्या बिनचिन्हाच्या सप्तकात ऋषभ (डी) 9/8 आणि धैवत (ए) 5/3 येतो. त्यांच्यात षड्ज-पंचम भाव जुळत नाही, एका प्रमाणश्रुतीची, म्हणजे 81/80 ची, सुमारे 21.5 सेंटची (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) तूट राहते. व्हायोला आणि चेलोच्या तारा मात्र सी-जी-डी-ए अशा शुद्ध पंचमांनी मिळवलेल्या असतात. त्यामुळे मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवता वाजणाऱ्या, ए तारेच्या स्वराला अधिकचे चिन्ह लावावे लागते आणि साधा लिहिलेला ए त्या तारेवर मिळत नाही. आमच्या चेलोवादकाने एफ-ए-सी या कॉर्डमधला बिनचिन्हाचा ए पाहिला की हात आपसूक मोकळ्या तारेकडे जाई आणि कॉर्ड डोलू लागे. चौथ्या तालमीतही तेच घडले. त्यात त्याची चूक नव्हती; इतक्या वर्षांच्या सवयीला माझे पान उलटी सूचना देत होते.

हेल्महोल्ट्झ-एलिसमध्ये बिनचिन्हाचे स्वर पंचमांच्या साखळीतून येतात, म्हणून मोकळ्या तारांना जादा चिन्ह लागत नाही. उतरलेला, म्हणजे 5/3 चा, ए खाली वळलेला बाण घेऊन येतो आणि बाण दिसला की बोट ठेवायचे, एवढे पुरते. याची किंमत अशी की सी-ई-जीमधल्या साध्या गंधारालाही (ई) बाण लागतो आणि पान काहीसे दाटते. शिवाय जॉन्स्टन यांच्याकडे बाण अकराव्या स्वयंभू स्वरासाठी (मूळ स्वराच्या अकरा पट कंपनसंख्येच्या स्वरासाठी) असल्याने, त्यांची क्वार्टेट्स वाजवलेल्या वादकांचा सुरुवातीला गोंधळ होऊ शकतो.

रचना सी मेजरच्या आसपासच राहणारी असेल आणि वादक जॉन्स्टन यांच्या चिन्हांत मुरलेले असतील, तर पद्धती बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. मोकळ्या तारांचा नाद ज्याला रचनेच्या गाभ्याशी हवा आहे, त्याने मात्र पहिल्या पानापासून हेल्महोल्ट्झ-एलिसमध्ये लिहावे, असे मला वाटते. मी चेलोवादकाला तो भाग या पद्धतीत नव्याने उतरवून दिला, तेव्हा एफ-ए-सी पहिल्याच वाचनात स्थिरावली.