‘माझा प्रवास’ : कोणती आवृत्ती घ्यावी आणि कशी वाचावी

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ बहुतेक जण झाशीच्या राणीसाठी उघडतात. वेढ्याची पानं वाचतात, राणी किल्ल्यातून निसटते तिथवर येतात आणि पुस्तक ठेवून देतात. असं वाचलं की निम्मा ऐवज हातून जातो. कर्जात बुडालेल्या घरातला, तिशीच्या आसपासचा एक भिक्षुक पैसे मिळवायला निघतो, मिळवलेलं गमावून बसतो आणि ज्यासाठी निघाला होता त्याहून निराळंच काही घेऊन परततो, अशी ही मुळात गोष्ट आहे. स्वतःला शोधण्याच्या प्रवासाची पुस्तकं मराठीत पुढे पुष्कळ झाली. आपण तसलं काही लिहितो आहोत याचा या लेखकाला पत्ताच नाही, आणि त्यामुळे त्याचं लिहिणं आजही ताजं वाटतं.

आधी आवृत्तीचा प्रश्न सोडवायला हवा, कारण वाचकाची गडबड सर्वांत जास्त तिथेच होते. गोडसे पेणजवळच्या वरसईचे. मार्च 1857 मध्ये ते घरून निघाले. प्रवासाची हकिगत मात्र त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी, इतिहासकार चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून मोडी लिपीत लिहून काढली. गोडसे हयात असेपर्यंत ती छापली गेली नाही. वैद्यांनी ती 1907 मध्ये प्रसिद्ध केली, पण जशीच्या तशी नव्हे. त्यांनी भाषा सुधारली, मजकूर काटछाट करून नीटनेटका केला. पुढे मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलं आणि इतिहास संशोधक दत्तो वामन पोतदारांनी त्यावरून 1966 मध्ये मूळ पाठ छापला. म्हणजे एकाच नावाची दोन वेगळी पुस्तकं बाजारात आणि ग्रंथालयांत फिरत असतात. त्यात मुलांसाठी केलेले संक्षेप, शब्द बदलून केलेली पुनर्कथनं आणि अनुवाद यांची भर. अमृतलाल नागरांचा गाजलेला हिंदी अनुवाद वैद्यांच्या पाठावरून झालेला आहे, हेही लक्षात असू द्यावं.

शक्य असेल तर पोतदारांचा पाठच घ्यावा. घेताना मुखपृष्ठावर जाऊ नये, आतलं शीर्षकपान आणि प्रस्तावना उघडावी. संपादक कोण आणि मजकूर कशावरून घेतला, ही दोन उत्तरं तिथे मिळाली नाहीत तर ती प्रत संक्षेपाची किंवा पुनर्कथनाची धरून चालावं. दुसरी खूण भाषेची. एकसारखी, छोट्या वाक्यांची, पुस्तकी मराठी दिसली तर मध्ये कुणाचा तरी हात फिरला आहे. गोडश्यांचं मूळ वाक्य लांबत जातं, क्रियापदावर क्रियापद येतं, याज्ञिकीतले, म्हणजे यज्ञविधींतले शब्द आणि उत्तरेतली बोली शेजारी बसतात. मोडीत विरामचिन्हं नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो, त्यामुळे छापील परिच्छेद आणि स्वल्पविराम हे संपादकाचं काम. वाक्य अडलं तर ते मोठ्याने वाचावं. बोलण्याचा हेल कानाला सापडला की अर्थ बहुतेक वेळा लागतो.

पोतदारांच्या पाठाचा आग्रह कशासाठी? वैद्यांनी वाचकाचं काम सोपं केलं, आणि त्यांच्यामुळेच हे पुस्तक मुळात लिहिलं गेलं, हे ऋण मोठंच आहे. पण नीटनेटकं करताना घटना जागेवर राहतात आणि सांगणारा माणूस पातळ होतो. गोडश्यांची भीती, दक्षिणेचा हिशेब, जेवणाचं कौतुक, सोवळ्याओवळ्याची चिंता, ऐकीव गप्पांची आवड हे सगळं त्यांच्या लांबणाऱ्या वाक्यांत आहे. आणि बदल कुठे होतोय हे कळायचं तर आधी तो माणूस पुरता दिसायला हवा.

निघण्याचं कारण अगदी रोकडं आहे. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार, लाखो रुपये खर्चणार, ही बातमी कोकणात पोहोचते. घरावर कर्ज, वडील थकलेले. जाऊन दक्षिणा आणावी आणि देणं फेडावं असा बेत ठरतो. वडिलांची परवानगी मिळवण्याचं प्रकरण पुस्तकातलं एक फार चांगलं प्रकरण आहे. हिंदुस्थानात, म्हणजे उत्तरेकडे, भांग आणि भुलवणाऱ्या बायका, तिकडे गेलेला मुलगा हाती लागत नाही, ही घरच्यांची काळजी. गोडसे ती हसण्यावारी नेत नाहीत. ते आपली बाजू मांडतात, शब्द देतात आणि काकांसोबत निघतात. घर सोडणाऱ्या तरुणाचं हे चित्र पावणेदोनशे वर्षांचं असूनही जराही शिळं वाटत नाही.

इंदूरजवळच्या महूच्या आसपास इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई भेटतात आणि लवकरच बंड होणार आहे ते सांगतात. काडतुसांचं प्रकरण, धर्म बुडवण्याचे कायदे, सगळं त्या तोंडी बातमीत आहे. मागे फिरायचं की पुढे जायचं हा प्रश्न वाटेवरच उभा राहतो. दोघे पुढे जातात. इथून पुढे यज्ञ हळूहळू विरत जातो आणि उरतो तो प्रवास. घाईचा वाचक इथेच पानं पलटतो. धार, उज्जैन, ग्वाल्हेर या भागांत भेटणारी माणसं, मिळणारा शिधा आणि अनुष्ठानांची वर्णनं त्याला संथ वाटतात. ती गाळू नयेत. झाशीत काय गेलं याचं वजन कळायला आधी काय जमलं होतं ते माहीत हवं.

झाशीचा भाग पुस्तकाचा गाभा आहे, यात वाद नाही. राणीची दिनचर्या, तिचा व्यायाम, पूजा, पोशाख, दरबार हे त्यांनी जवळून पाहिलं, कारण भिक्षुकाला वाड्यात वाट असते. मग इंग्रज सेनापती ह्यू रोजचा वेढा येतो. मार्च 1858 च्या उत्तरार्धात तोफा सुरू होतात, बेतवा नदीवर तात्या टोप्यांची मदत मोडते, 3 एप्रिलला गोरे शहरात घुसतात. त्यानंतरचं बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, लपून काढलेले दिवस, क्रमाने झालेली लूट, ग्रंथसंग्रहाची राखरांगोळी. ही पानं सलग वाचवत नाहीत. गोडसे इथे एकही मोठा शब्द वापरत नाहीत. कुठे लपलो, काय खाल्लं, पाणी कुठून आणलं, कोण मेलं, एवढंच सांगतात. साठवलेली दक्षिणा गेली हेही त्याच सुरात.

माझ्या मते पुस्तकाचा खरा वळणबिंदू मात्र त्यानंतर, काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीपाशी आहे. हरून परतणारी, धुळीने माखलेली राणी तिथे भेटते. तिला तहान लागलेली. गोडसे पाणी शेंदायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका. ती स्वतः पाणी शेंदते आणि ओंजळीने पिते. जेवणाच्या पंगतीतली जागा आणि दक्षिणेची रक्कम बारकाईने नोंदवणारा माणूस इथे कसलीच मोजदाद करत नाही. त्याला समोरच्या बाईचं दुःख दिसतं आणि तो ते तसंच लिहितो. पुढे चित्रकूट, ब्रह्मावर्त (कानपूरजवळचं बिठूर), लखनौ, अयोध्या, काशी असा प्रवास होतो. दोन वर्षांहून अधिक काळाने तो घरी येतो तेव्हा खांद्यावर गंगेची कावड असते. पैसा आणायला गेलेला मुलगा आईवडिलांना गंगेचं स्नान घालतो. पहिल्या प्रकरणातलं कर्ज आणि शेवटची कावड ही दोन टोकं डोळ्यांसमोर ठेवून मधला मजकूर वाचला, की यात्रेपलीकडचं बरंच हाती लागतं.

आता हे पुस्तक वाचताना घोटाळा कुठे होतो ते. पहिला घोटाळा म्हणजे प्रत्येक वाक्य साक्ष म्हणून घेणं. लेखन आठवणीतून झालेलं आहे आणि त्यात तीन प्रकारचा मजकूर मिसळलेला आहे : स्वतः पाहिलेलं, पाहणाऱ्याकडून ऐकलेलं आणि गावगप्पा. पेन्सिलीने समासात तीन वेगळ्या खुणा करत वाचावं. वेढा आणि विहीर पहिल्या खुणेत. जून 1857 मधली झाशीतल्या इंग्रजांची कत्तल दुसऱ्या खुणेत, कारण तेव्हा गोडसे झाशीत नव्हते. ग्वाल्हेरच्या लढाईत राणी पडली तो मजकूरही ऐकीवच. राणीचे पती गंगाधरराव यांच्या विक्षिप्तपणाच्या कथा तिसऱ्या खुणेत. गंगाधरराव 1853 मध्ये वारले होते, म्हणजे लेखक झाशीत पोहोचला त्याच्या चारेक वर्षं आधी. लोक या कथा राणीच्या घरची प्रत्यक्ष माहिती म्हणून उद्धृत करतात, ते चूक आहे.

दुसरा घोटाळा तारखांचा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते मार्चमधल्या, म्हणजे पौष ते फाल्गुनातल्या तिथीला 79 मिळवावे लागतात. शके 1778 च्या फाल्गुनात निघालेला माणूस 1856 मध्ये निघाला असं समजणारे याच ठिकाणी चुकतात. शिवाय उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिकडे कृष्ण पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव असतं. उत्तरेतल्या एखाद्या नोंदीशी तारीख ताडून पाहताना एका महिन्याचा फरक पडला, तर आधी हे तपासावं.

तिसरी गोष्ट नकाशाची. साधा शालेय नकाशा पुरतो. त्यावर वरसई, पुणे, नगर, महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, काशी एवढी ठिकाणं पेन्सिलीने जोडली की सलग वाचन सोपं होतं. कोस ढोबळमानाने दोन मैलांचा धरावा. प्रदेशागणिक तो बदलतो, त्यामुळे अचूक अंतर काढत बसण्यात अर्थ नाही.

पुस्तकाच्या उणिवाही सांगायला हव्यात. जगाकडे पाहण्याची गोडश्यांची नजर त्यांच्या जातीच्या आणि व्यवसायाच्या चौकटीतली आहे. पंगत, दक्षिणा आणि सोवळं यांच्या बाहेरची माणसं बऱ्याचदा ओझरती येतात. खालच्या मानलेल्या जातींबद्दलचे आणि बायकांबद्दलचे काही उल्लेख आज खुपतात, आणि ते खुपायलाच हवेत. विद्यार्थ्यांबरोबर वाचताना ते वगळू नयेत, थांबून त्यांवर बोलावं. बंडाच्या कारणांची मीमांसाही इथे शोधू नये. बाजारात आणि पलटणीत लोक काय बोलत होते ते कळतं, आणि तेवढंही थोडं नाही.

कुणाला द्यावं? सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला पहिल्या पानापासून मूळ पाठ दिला तर तो बहुधा माळव्यातच अडकेल. त्याने परवानगीचं प्रकरण वाचावं, मग महूची भेट, मग सरळ झाशी ते काल्पी, आणि एवढं झाल्यावर पहिल्यापासून सगळं. मूळ भाषा फारच जड गेली तर वैद्यांचा पाठ आधी वाचून कथा समजून घ्यायला हरकत नाही, पण नंतर निदान झाशीचा भाग तरी पोतदारांच्या पाठात वाचावा. वाचनमंडळासाठी चार बैठकी पुरतात : निघणं, माळवा आणि ग्वाल्हेर, झाशी, परतीचा प्रवास. तिसऱ्या बैठकीला दुप्पट वेळ ठेवावा. पोतदारांची प्रत दुकानात मिळाली नाही तर जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या यादीत ‘गोडसे’ आणि ‘पोतदार’ या दोन्ही नावांखाली शोधावं. संपादकाच्या नावाखाली नोंदवलेल्या प्रती लेखकाच्या नावाने शोधणाऱ्याला सापडत नाहीत.