दूरचा लिनक्स डेस्कटॉप: व्हीएनसी, एक्सआरडीपी की एक्सटूगो?

दूरच्या लिनक्स मशीनचा डेस्कटॉप आपल्या स्क्रीनवर आणायचे हे तीन मार्ग. आधी एक गोष्ट ठरवा. पलीकडच्या मॉनिटरवर आत्ता जे चालू आहे तेच तुम्हाला बघायचंय, की तिथे स्वतःचं वेगळं सेशन उघडून काम करायचंय? निम्मी निवड इथेच होऊन जाते.

तेच बघायचं असेल, म्हणजे कुणाची अडचण सोडवून द्यायची असेल, तर व्हीएनसी. एक्स११व्हीएनसी हा व्हीएनसी प्रोग्रॅम चालू स्क्रीन जशीच्या तशी दाखवतो. तुम्ही माउस हलवलात की समोरच्याचाही हलतो. टायगरव्हीएनसी या दुसऱ्या प्रोग्रॅमचा नेहमीचा सर्व्हर मात्र नवं सेशन उघडतो. नावात दोन्हीकडे व्हीएनसी असल्यामुळे इथे भलेभले फसतात.

व्हीएनसी पाठवतं ते चित्र. १९२० बाय १०८० ची एक पूर्ण फ्रेम कच्ची धरली तर साधारण ८ एमबी भरते. बदललेला तुकडाच जातो, तोही आवळून, म्हणून निभावतं; व्हिडिओ लावलात की धाप लागते. सुरक्षेचं विचाराल तर जुन्या पद्धतीच्या पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात आणि पुढची सगळी ये-जा उघडी असते. व्हीएनसीचा ५९०१ पोर्ट इंटरनेटवर मोकळा सोडू नका. सर्व्हर लोकलहोस्टपुरता, म्हणजे त्याच मशीनपुरता, बांधा आणि एसएसएच टनेलमधून, म्हणजे दोन मशीनमधल्या कुलूपबंद वाटेने, जा.

रोज विंडोजवरून काम करणार असाल तर एक्सआरडीपी सोयीचं. ते विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचीच भाषा, म्हणजे आरडीपी, बोलतं. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप आधीपासूनच असतो, पोर्ट ३३८९, क्लिपबोर्डही चालतो. नेट तुटलं तरी सेशन जिवंत राहतं, परत लॉगिन केलं की उघड्या खिडक्या तशाच सापडतात. खोड एकच: तोच यूजर त्या मशीनवर समोर बसून लॉगिन असेल, तर बरेचदा काळी स्क्रीन मिळते. मी अर्धा तास फायरवॉल तपासत बसलो होतो. लॉगआउट केलं आणि डेस्कटॉप हजर.

नेट रडकं असेल तर माझं मत एक्सटूगोला. सगळं एसएसएचवरूनच जातं, वेगळा पोर्ट उघडावा लागत नाही. आपल्या मशीनवर त्याचा क्लायंट, म्हणजे जोडून घेणारा प्रोग्रॅम, तेवढा टाकावा लागतो. ग्नोम या डेस्कटॉपच्या नव्या आवृत्त्यांशी त्याचं जमत नाही, तेव्हा पलीकडे एक्सएफसीई किंवा माटे हे हलके डेस्कटॉप ठेवा.

एकच प्रोग्रॅम हवा असेल तर एसएसएचचं एक्स फॉरवर्डिंग, म्हणजे फक्त त्याची खिडकी आपल्या स्क्रीनवर आणणं, आहेच, पण ते घरच्या नेटवर्कपुरतं. एखादी खिडकी उघडताना २०० वेळा विचारणा-उत्तर झालं आणि प्रत्येक फेरीला १०० मिलिसेकंद लागले, तर २० सेकंद नुसती वाट बघण्यात जातात. इथे बँडविड्थ वाढवून काही होत नाही. शिवाय कनेक्शन तुटलं की प्रोग्रॅमही जातो.

हे सगळं एक्स११ च्या, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या, जगातलं. तिच्या जागी आलेल्या वेलँडवर एक्स११व्हीएनसीला स्क्रीन हाती लागत नाही. तिथे डेस्कटॉपची स्वतःचीच सोय वापरा: २०२४ मध्ये आलेल्या ग्नोम ४६ पासून आरडीपीने थेट रिमोट लॉगिन करता येतं, आणि केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ६.१ मध्येही आरडीपी सर्व्हर आला. पलीकडच्या मशीनवर एक्स११ आहे की वेलँड ते ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीमच्या तपशिलात, ‘विंडोइंग सिस्टीम’समोर लिहिलेलं असतं. काहीही इन्स्टॉल करण्याआधी तेवढं बघून घ्या.